बुडालेले सोने आणि संग्राहकाची थैली

मेक्सिको, लिमा, बोगोटा येथील टांकसाळींत स्पॅनिश राजाच्या नावाने पाडलेली सोन्याची नाणी आज लिलावांत विकली जातात. आठ एस्कुदोचे नाणे वजनाने सुमारे २७ ग्रॅम. त्यातील सोन्याचे मोल कोणताही सराफ सांगेल; संग्राहक मात्र त्याच्या कितीतरी पट मोजतो. वस्तुतः जुनी नाणी म्हणजे ओबडधोबड चकत्याच. सोन्याचे तुकडे कापावेत, वजनात बसेपर्यंत कडा छाटाव्यात आणि हातोड्याने ठसा उठवावा, अशी ती रीत होती. वाढीव किंमत मिळते ती दुर्मिळतेला आणि नाण्यामागील कथेला. त्या कथेचा पुरावा समुद्रतळाशी असतो आणि नाणे उचलताच तो विस्कटतो.

जुलै १७१५ च्या अखेरीस वादळात सापडलेला स्पॅनिश खजिन्याचा तांडा फ्लॉरिडाच्या किनाऱ्यालगत बुडाला. तेथे परवानाधारक शोधकांना माल काढू देऊन राज्य त्यातील २० टक्क्यांपर्यंत वाटा घेते. पाणी उथळ, वादळे नित्याची. तेव्हा ही व्यवस्था अगदीच अविचारी म्हणता येणार नाही. परंतु २०१५ मध्ये सापडलेल्या १०१ सुवर्णनाण्यांपैकी ५० दडविली गेली, असे तेथील तपास यंत्रणेने २०२४ मध्ये जाहीर केले. ३७ हाती लागली. त्यांतील तीन तर नव्या गुंतवणूकदारांना 'सापडावीत' म्हणून २०१६ मध्ये पुन्हा समुद्रतळाशी ठेवली होती म्हणे! विक्रेत्याला ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात, अशा माहितीवर चालणाऱ्या बाजाराचे याहून बोलके उदाहरण वर्गात देता येणार नाही.

'मर्सेडीज' या १८०४ मध्ये बुडालेल्या स्पॅनिश युद्धनौकेची गोष्ट निराळी. एका अमेरिकन कंपनीने काढलेली पाच लाखांहून अधिक नाणी, बहुतांशी चांदीची, न्यायालयीन निर्णयानुसार २०१२ मध्ये स्पेनला परत मिळाली. संग्रह फुटला नाही, हे उत्तम झाले. पेरूचा दावा मात्र टिकला नाही. कायद्याने नौकेचा ध्वज पाहिला. खाणीत राबलेल्या अँडीजवासीयांचे श्रम त्याच्या हिशेबात बसले नाहीत.

युनेस्कोच्या २००१ च्या करारास अशा अवशेषांचा व्यापार मान्य नाही. परंतु अमेरिका त्या करारात नाही, आणि खोल समुद्रात पहारा कोण ठेवणार? तेव्हा लगाम मागणीलाच घातला पाहिजे. वाटपापूर्वी प्रत्येक नाण्याचे छायाचित्र, वजन आणि सापडल्याचे ठिकाण यांची नोंद सर्वांना पाहता येईल अशा सरकारी वहीत व्हावी, आणि तो क्रमांक नसलेले नाणे लिलावगृहांनी स्वीकारू नये. बिननोंदीचे नाणे धातूच्या भावाने विकले जाऊ लागले की ते दडविण्यात फारसा नफा उरणार नाही.