कायद्याचे शिक्षण आणि पीडिताचा उंबरठा

आपल्या विधी महाविद्यालयांतून दरवर्षी अभिरूप न्यायालयांच्या स्पर्धा मोठ्या थाटाने भरतात. वादी काल्पनिक, प्रतिवादी काल्पनिक, अन्यायही काल्पनिक. काळा कोट चढवून विद्यार्थी अस्खलित युक्तिवाद करतो आणि करंडक घेऊन घरी जातो. त्याच जिल्ह्यात, फार तर वीस कोसांवर, बहिष्कार पडलेल्या वस्तीतला एखादा माणूस पोलीस ठाण्याच्या ओसरीवर सकाळपासून ताटकळत असतो, कारण त्याची फिर्याद लिहून घ्यायला कोणी तयार नसते. या दोघांची गाठ पडावी अशी तरतूद आपल्या कायद्यातच आहे. ती गाठ का पडत नाही, याचा विचार विधिशिक्षणाची चिंता वाहणाऱ्यांवर सोपवून चालणार नाही. तो आपल्या चळवळीचा प्रश्न आहे.

तरतुदींची वाण नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ३९-अ हे कलम आले आणि मोफत विधी साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरले. ज्या घटनादुरुस्तीवर समाजवाद्यांनी तुरुंगातून टीका केली तिच्या पोटी हे कलम जन्मावे, हा इतिहासाचा एक विनोदच. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न घालता वकील मिळण्याचा हक्क दिला, आणि विधी महाविद्यालयांतील साहाय्य केंद्रांना चालना देण्याचे कामही केंद्रीय प्राधिकरणावर सोपविले. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात असे केंद्र असणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी केंद्र म्हणजे एक फलक, एक नोंदवही आणि वर्षाकाठी एक शिबिर. शिबिरात सरपंचांचा सत्कार होतो, हुंडाबंदीवर भाषण होते, छायाचित्र निघते. ज्या वस्तीवर गावाने वाट बंद केलेली असते, ती वस्ती शिबिराच्या मांडवात आलेलीच नसते.

वैद्यकाचा विद्यार्थी रुग्णाच्या खाटेशी शिकतो; मग वकिलाने केवळ निवाड्यांच्या ग्रंथांतून का शिकावे, असा प्रश्न जेरोम फ्रँक या अमेरिकन विधिवेत्त्याने १९३३ साली विचारला होता. प्रश्न बिनतोड होता. पण ही उपमा आपल्याकडे पुरी पडत नाही. ज्वर रोग्याच्या शरीरात असतो; जातीचा रोग मात्र पीडिताच्या अंगी नसून गावात असतो, ठाण्यात असतो, आणि पुष्कळदा तपासायला आलेल्या वैद्याच्याही अंगात असतो. म्हणून भेदभावाच्या पीडितांसोबत काम करताना विद्यार्थी जे पहिले शिकतो ते कायद्याबद्दलचे नसून स्वतःबद्दलचे असते.

महाराष्ट्राला याचा धडा बाहेरून घेण्याचे कारण नाही. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहानंतर तिथल्या काही सवर्ण रहिवाशांनी चवदार तळ्यावरून दिवाणी दावा लावला आणि डॉ. आंबेडकर त्यात प्रतिवादी झाले. १९२८ पासून ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात शिकवू लागले, १९३५ साली तिथले प्राचार्य झाले, आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने सवर्णांचे अपील फेटाळले तेव्हा ते त्याच पदावर होते. विधी महाविद्यालयाचा प्राचार्य स्वतः अस्पृश्यतेच्या खटल्यातील पक्षकार, असे दृश्य जगात फार थोड्या ठिकाणी दिसले असेल. त्या निकालाचे स्वरूपही ध्यानात घेण्याजोगे आहे. तेव्हा सतरावे कलम नव्हते, समतेचा मूलभूत हक्क नव्हता. दावा टिकला नाही तो एवढ्यासाठी की, अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही. तळे कोणाच्या मालकीचे, पाणी कोण भरत होते, नगरपालिकेने कोणता ठराव केला, अशा रूक्ष प्रश्नांवर ती लढाई झाली. तत्त्वाची लढाई न्यायालयात तपशिलावर जिंकावी लागते.

तपशील कसा निसटतो याचे दाखलेही आपल्याच राज्यात आहेत. २००६ च्या खैरलांजी हत्याकांडात भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने २००८ साली आठ जणांना दोषी धरले. परंतु १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लावला नाही. २०१४ मध्ये नगर जिल्ह्यातील खर्डा येथे एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला. साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. असे खटले दिल्लीतल्या युक्तिवादाअभावी पडत नाहीत. ते पहिल्या आठवड्यातच पडतात, ठाण्यात, पंचनाम्यात, जबाबाच्या चार ओळींत. जातिवाचक शिवीगाळ लोकांच्या दृष्टीसमोर झाली पाहिजे, चार भिंतींआड झालेली पुरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये एका निकालात म्हटले. आता फिर्यादीत जागा कोणती आणि ऐकणारे कोण हेच लिहिलेले नसेल, तर पुढे मोठ्यात मोठा वकील काय करणार? आणि फिर्याद सांगणारा माणूस मारहाणीनंतर तासाभराने, कापऱ्या आवाजात, ज्याला त्याचे ऐकण्याची इच्छाच नाही अशा हवालदाराला ती सांगत असतो.

इथे विद्यार्थी उपयोगी पडतो. २०१५ च्या दुरुस्तीने आलेले कलम १५-अ कार्यकर्त्यांनी मुळातून वाचावे अशी आमची विनंती आहे. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळणे, जामिनासह प्रत्येक टप्प्याची सूचना मिळणे, त्या वेळी आपले म्हणणे मांडता येणे, प्रवासाचा व निर्वाहाचा खर्च मिळणे, हे सारे आता पीडिताचे हक्क आहेत. जामिनाच्या वेळी पीडिताला सूचना देणे व त्याचे ऐकणे ही औपचारिकता नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये निक्षून सांगितले. त्याच कलमात स्वयंसेवी संस्था, सामाजिक कार्यकर्ते आणि वकील यांचे साहाय्य घेण्याचा हक्कही पीडिताला दिलेला आहे. विद्यार्थ्याला सनद नसते, तो न्यायालयात उभा राहू शकत नाही, हे खरे. परंतु या दारातून त्याला पीडिताच्या शेजारी बसता येते. घटनेचा क्रम लिहून घेणे, जातीचा दाखला शोधणे, जखमेची वैद्यकीय नोंद झाली का ते पाहणे, तपास उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे आहे का ते विचारणे, समाजकल्याण कार्यालयात अर्थसाहाय्याच्या पहिल्या हप्त्याचा पाठपुरावा करणे, साठ दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर अर्ज लिहिणे, ही कामे करंडक देत नाहीत. पण एवढे केलेला विद्यार्थी पुरावा म्हणजे काय, हे जन्मभर विसरत नाही.

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कराडच्या प्रकरणातून या कायद्याला प्राथमिक चौकशीचा आणि अटकेपूर्वीच्या परवानगीचा अडसर घातला. देशभर उद्रेक झाला, संसदेने १८-अ कलम आणले, आणि पुढच्या वर्षी न्यायालयाने आपले निर्देश मागे घेतले. त्या वादात ‘खोट्या केसेस’ हा शब्द फार वाजला. आरोपीलाही हक्क असतात आणि समाजवाद्यांनी ते नाकारता कामा नयेत. परंतु फिर्याद काळजीपूर्वक, खऱ्याला खरे व ऐकीवाला ऐकीव म्हणत लिहिली जाणे, यासारखे त्या आरोपावर दुसरे उत्तर नाही. हे शिस्तीचे काम विद्यार्थ्याला शिकविता येते.

अडचणी आहेत, आणि त्यांतील सर्वांत मोठी विद्यार्थ्याची नसून अध्यापकाची आहे. पूर्णवेळ पगारी प्राध्यापकाला विधिज्ञ परिषदेच्या नियमांमुळे वकिली करता येत नाही. ज्याने हात धरून न्यायालयात न्यायचे त्याचेच पाय बांधलेले! रुग्णालयात पाऊल न टाकणाऱ्या प्राध्यापकाकडून शस्त्रक्रिया शिकावी, तसा हा प्रकार. साहाय्य केंद्राच्या कामापुरती तरी अध्यापकांना न्यायालयात उभे राहण्याची मुभा मिळावी, ही मागणी रास्त आहे आणि ती विधिमंडळातून व विधिज्ञ परिषदेकडे नेटाने मांडली गेली पाहिजे. अध्यापकांनी मनावर घेतले तर काय होते, हे आपण पाहिले आहे. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यातील निकालावर उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार अध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून स्त्रियांची जी चळवळ उभी राहिली तिने १९८३ मध्ये कायदा बदलायला लावला.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. सत्र संपले की विद्यार्थी परीक्षेला जातो. खटला मात्र वर्षानुवर्षे चालतो. ज्या बाईने धीर करून आपली कहाणी सांगितली, तिला दर सहा महिन्यांनी नव्या मुलाला ती पुन्हा सांगावी लागली, तर ते शिक्षण नव्हे, छळ होय. पीडित हा विद्यार्थ्याच्या अभ्यासाचा नमुना नाही. म्हणून त्या घराशी टिकणारे नाते तालुक्यातील कार्यकर्त्याचेच असले पाहिजे. विद्यार्थी येतील नि जातील, कागदांची पिशवी कार्यकर्त्याकडे राहील.

आणि हे विद्यार्थी कोठले? वर्षाला लाखांची फी घेणाऱ्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांकडे डोळे लावण्याचे कारण नाही. तिथली बहुतेक बुद्धिमत्ता मोठ्या कंपन्यांच्या दारी जाते. जिल्ह्याच्या गावी सकाळच्या सत्रात मराठीतून कायदा शिकणारी, दुपारी कुठे तरी नोकरी करणारी, घरातली पहिली पदवीधर असणारी मुले-मुली आहेत. ठाण्याची ओसरी त्यांना परकी नाही. यांतील अनेकांच्या घरी ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम वा नामांतराचे दिवस आठवणारे कोणी तरी असेल.

विधी महाविद्यालयांची नवी सत्रे सुरू झाली की जिल्हा शाखांनी तीन गोष्टी विचाराव्यात. आपल्या महाविद्यालयाच्या साहाय्य केंद्राच्या नोंदवहीत अत्याचार कायद्याखालील एक तरी प्रकरण आहे काय? जिल्हा दक्षता समितीची बैठक दर तीन महिन्यांनी व्हायची असते. ती शेवटची केव्हा झाली? आणि ज्या पीडितांची प्रकरणे आज न्यायालयात आहेत, त्यांतील किती जणांच्या हाती स्वतःच्या फिर्यादीची प्रत आहे? उत्तरे तालुकावार लिहून आमच्याकडे पाठवावीत. ती या पानावर छापली जातील.