विरजण

आपल्या भाषेने काही वस्तूंवर उगाच अन्याय केला आहे. विरजण ही त्यांतलीच एक. चमचाभर विरजण रात्री पातेलेभर दुधात घालावे आणि सकाळी झाकण काढावे तो घट्ट कवडीदार दही लागलेले! एवढे ज्याचे कर्तृत्व, त्याला आपण वाक्प्रचारात कशासाठी राबवतो? तर 'उत्साहावर विरजण पडले' म्हणण्यासाठी! घरातले विरजण संपले की वाटी घेऊन शेजारी धावणाऱ्या गृहिणीला मात्र त्याचे खरे मोल ठाऊक असते.

या विरजणाची गाठ मला यंदाच्या उन्हाळ्यात पडली ती विलायतेत, आणि तीही एका ट्रॅक्टरच्या पोटात!

माझी थोरली बहीण कोव्हेंट्रीजवळच्या एका खेड्यात राहते. भावोजींना निवृत्तीचे वेध लागले आहेत, आणि त्या दिवसांसाठी त्यांनी एक सोबती आतापासूनच आणून ठेवला आहे : १९४९ सालचा, करड्या रंगाचा फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टर. हे यंत्र मूळचे त्याच शहरातले. तिथल्या बॅनर लेनवरच्या कारखान्यात १९४६ ते १९५६ या काळात असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. ४ जानेवारी १९५८ रोजी एडमंड हिलरी दक्षिण ध्रुवावर पोचले तेही याच जातीच्या ट्रॅक्टरांवरून. तो कारखाना आता उरलेला नाही. ट्रॅक्टर मात्र हौशी लोकांच्या पडव्यांतून अजून धडधडत असतात.

भावोजींच्या ट्रॅक्टरचे इंजिन सुरेख चाले, पण बॅटरी काही केल्या भरत नसे. एका कारागिराने डायनामो पाहून 'हा मेला, टाकून द्या' असा निकाल दिला होता. भावोजी सुतकी चेहऱ्याने बसले असता शेजारचे ऐंशी ओलांडलेले एक शेतकरी काठी टेकत आले, खाली वाकले आणि म्हणाले, "मेला नाही हो, नुसता विसरला आहे!"

लोखंड काय विसरणार? पण ते विसरते, वाचकहो! डायनामोत तारांची गुंडाळी चुंबकात फिरते आणि वीज निर्माण होते, एवढे आपण शाळेत शिकलेलो असतो. मौज अशी, की हा चुंबक कायमचा नसतो. तोही लोखंडावर गुंडाळलेल्या तारांतून वीज गेली म्हणजेच जोर धरतो. म्हणजे विजेसाठी चुंबक हवा आणि चुंबकासाठी वीज! हे कोडे सोडवते ती लोखंडात मागे राहिलेली किंचितशी चुंबकशक्ती. तिच्यामुळे प्रथम अवघे एक-दोन व्होल्ट निघतात. ते चुंबकाच्या तारांत जातात, चुंबक थोडा बळावतो, वीज वाढते, चुंबक आणखी बळावतो. जानेवारी १८६७ मध्ये वेर्नर सीमेन्सचा हा शोध बर्लिनच्या अकादमीपुढे मांडला गेला. पुढच्याच महिन्यात लंडनला चार्ल्स व्हीटस्टन यांनीही तेच सांगितले. थोडक्यात काय, तर डायनामोलाही विरजण लागते. यंत्र वर्षानुवर्षे पडून राहिले किंवा कुणी उघडून ठोकाठोक केली, की ते हरवते.

मात्र दह्याच्या विरजणाला दिशा नसते, याला असते. आजच्या मोटारींत बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते. या ट्रॅक्टरात धन टोक असते. डायनामोची आठवण उलटी झाली, तर बॅटरी आणि डायनामो यांचा जोर एकाच बाजूला लागतो, आणि असा प्रवाह उसळतो की कट-आउटची टोके वितळून एकमेकांना चिकटतात.

म्हणून आजोबांनी आधी वायरी पाहिल्या. डायनामोवर दोन टोके : मोठे 'डी' आणि लहान 'एफ'. पिवळी वायर रेग्युलेटरच्या 'डी'ला, हिरवी रेघ असलेली पिवळी 'एफ'ला, आणि रेग्युलेटरचे 'ई' सांगाड्याला. "पण रंगावर विश्वास ठेवू नका," ते म्हणाले, "सत्तर वर्षांत रंग उडतात. वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासायची." मग इंजिन बंद असतानाच डायनामोच्या दोन्ही वायरी सोडवल्या. बॅटरीच्या ऋण टोकापासून एक वायर आणली आणि ती माझ्या चौदा वर्षांच्या भाचीच्या हाती देऊन म्हणाले, "एफला नुसती टेकव आणि उचल. दोन-तीनदा. धरून ठेवू नकोस." बारीकशी ठिणगी उडाली. झाले! वायरी पुन्हा जोडल्या, इंजिन सुरू करून वेग वाढवला, आणि महिनोन्महिने मौनव्रत धरलेला अँपिअरचा काटा भरतीच्या बाजूला सरकला.

ही रीत सर्वांना सरसकट चालत नाही, हेही त्यांनी बजावले. अमेरिकेतल्या पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांत चुंबकाच्या तारांची जोडणी निराळी असते. तिथे रेग्युलेटरवरची बॅटरीची आणि आर्मेचरची टोके क्षणभर जोडतात. एकाची रीत दुसऱ्याला लावली, तर रेग्युलेटर जळायचा.

"मामा, याला मराठीत काय म्हणायचं?" भाचीने विचारले. 'ध्रुवीकरण' हा शब्द ओठांवर आला खरा. पण वर्तमानपत्रांनी त्या शब्दाला माणसे तोडण्याचा अर्थ कायमचा चिकटवला आहे. इथे तर कुणी कुणापासून तुटले नव्हते. मी म्हटले, "विरजण लावणं." तिने ते वहीत लिहिले, आणि खाली कुठली वायर कुठे जाते त्याचे चित्र काढले. त्या खेड्यात ही युक्ती हाताने करू जाणणारे तेवढे एक आजोबाच उरले आहेत, असे भावोजी नंतर म्हणाले. आता दोघे आहेत.

आम्हा शिकवणाऱ्यांच्या हातून तरी याहून निराळे काय होते? वर्गातल्या एखाद्या मुलाला 'यात काही राहिले नाही' असा शेरा मारणे सोपे असते. त्यापूर्वी एकदा वायर टेकवून पाहावी. मात्र टेकवावी आणि उचलावी. तास संपल्यावरही धरून ठेवू नये!