रात्रपाळीचा हिशेब

‘सिस्टर’ म्हटले की लोकांना गणवेश आणि हसरा चेहरा आठवतो. त्या सिस्टरच्या पायांना पहाटे किती गोळे येतात, हे सहसा कुणी विचारत नाही. पेडण्याहून डिचोलीकडच्या एका खासगी आरोग्य संस्थेत मी ९ वर्षे परिचारिका म्हणून जाते. म्हणून हे चार शब्द.

आमची रात्रपाळी १२ तासांची. वॉर्डात रुग्ण २०, सिस्टर एक आणि हाताखाली एक मावशी. सलाईन बदलणे, इंजेक्शने, ताप-रक्तदाबाच्या नोंदी, कुणाला रातोरात बांबोळीला हलवायचे तर त्याची कागदपत्रे आणि वर नातेवाइकांचा राग! सकाळी सुटल्यावर म्हापशाला उतरून पेडण्याची बस धरायची. चवथीला घरोघर माटोळी सजते, तेव्हा आमच्याकडे रजेसाठी चिठ्ठ्या टाकल्या जातात.

पण कष्टांपेक्षा बोचते ते ११ महिन्यांचे कंत्राट. मुदत संपली की चार दिवस घरी बसायचे, मग नवा कागद. नऊ वर्षांनीही मी आपली ‘नवीन’च!

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राच्या समितीने सुचवले होते, की ५० खाटांहून लहान खासगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत आणि २०० खाटांहून मोठ्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतके. शिफारस चांगली, पण शिफारशीवर चूल पेटत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत नेमणूकपत्र सक्तीचे आहे आणि मुदतीच्या नोकरीतही वर्षभराच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. वर्ष बारा महिन्यांचे, आमचा कागद मात्र अकराचा! म्हणून मैत्रिणींनो, प्रत्येक नेमणूकपत्र, पगाराची प्रत्येक पावती जपून ठेवा. हक्क मागायला गेल्यावर पहिला प्रश्न कागदाचाच येतो.

वाचकहो, हा प्रश्न आमच्या एकटीचा नाही. अकराव्या तासाला सुई धरणारा हात तुमच्या आईच्या, तुमच्या लेकराच्या दंडाशी असतो. पुढच्या वेळी रुग्णालयात गेलात, तर खोलीचे भाडे विचाराच. पण रात्री एका सिस्टरकडे किती रुग्ण असतात, हेही विचारा. आम्ही विचारले तर ती कुरकुर ठरते. तुम्ही विचारलेत, तर उत्तर द्यावे लागेल.