पानाला वीस रुपये

रंकाळ्यावरचा वारा आणि त्यावरचा चहा पोटात गेला की माणूस निदान दहा वाजेपर्यंत तरी सज्जन राहतो, हा सदरकारांचा सिद्धान्त जुन्या वाचकांना पाठ असेल. या आठवड्यात तो मोडला. चहा प्यायलेला असताना, साडेनऊच्या आत मोडला.

निमित्त झालं ते करवीर तालुक्यातल्या एका लांबच्या पाव्हण्यांचं. हातात कापड दुकानाची पिशवी, पिशवीत जमिनीच्या दाव्याची फाईल. खालच्या कोर्टात निकाल उलटा गेलेला, आता अपील सर्किट बेंचला. पाव्हण्यांनी चपला दारात काढल्या आणि फाईल थेट टीपॉयवरच्या खाऱ्या शेंगदाण्यांच्या वाटीवर ठेवली.

“सर, वकीलसाहेब म्हणत्यात, ही मराठीतली कागदं इंग्रजीत पायजेत. तुमचं इंग्रजी चांगलंय. तेवढं करून द्या की.”

“पानं किती?”

“लई न्हाईत. नव्वदभर असतील.”

सदरकार गप्प बसले, तेव्हा पाव्हण्यांना वाटलं पैशाचं राहिलं. “फुकट नको हं सर. पानाला वीस रुपये देतो. झेरॉक्सवाला दोन रुपयाला पान देतोय, तुमाला धापट झाली.”

हिशेब चोख होता आणि तोच जास्त झोंबला. झेरॉक्सच्या यंत्रात कागद उलटा घातला तरी उलटी का होईना, प्रत निघते. भाषांतर करणाऱ्याला कागद सुलटा धरूनही तलाठ्याचं अक्षर लागेलच याची खात्री नसते. पण पाव्हण्यांना हे सांगायचं कसं? त्यांच्या डोळ्यांपुढचं चित्र साधं होतं. एका बाजूनं मराठी कागद आत जातो, दुसऱ्या बाजूनं इंग्रजी बाहेर येतो, मधे सर बसलेले असतात आणि त्यांना चहा लागतो.

फाईल मात्र सदरकारांनी चाळली. वर फेरफाराचा उतारा, शाई उडालेली, आणि तहसील कचेरीचा गोल शिक्का नेमका वारसाच्या नावावर. त्याखाली वाटणीपत्र, त्यात हिस्से आण्यांत. गट नंबरापुढे कंसात जुना सर्व्हे नंबर. क्षेत्र एका कागदावर हेक्टर-आरमध्ये, दुसऱ्यावर एकर-गुंठ्यांत, आणि दोन्हींचा मेळ बसत नाही. अपील बहुधा त्याच मेळावर उभं. मग बांधावरच्या मारामारीचा पोलीस पंचनामा. ‘आम्ही खालील सह्या करणारे पंच’ इथून निघालेलं वाक्य दोन पानं ओलांडून ‘लिहून दिला असे’ इथं पोचल्यावर पहिला पूर्णविराम घेतं. वाटेत सदर इसमाने सदर इसमास सदर काठीने मारलेलं असतं. कोणी कोणाला, हे पंचांना ठाऊक, हवालदारांना ठाऊक, मार खाल्लेल्याला तर चांगलंच ठाऊक. इंग्रजी करणाऱ्यानं ते वाक्य तोडताना काठी चुकीच्या हातात दिली, तर फिर्यादीचा आरोपी व्हायला वेळ लागत नाही. या जोखमीसह पान वीस रुपये.

आता पाव्हणे आत्ताच का उगवले, ते थोडक्यात. मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं उद्घाटन १७ ऑगस्ट २०२५ रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झालं आणि दुसऱ्या दिवशी कामकाज सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे तिच्याखाली आले. तालुका आणि जिल्हा न्यायालयांत मराठी चालते. उच्च न्यायालयाची भाषा मात्र संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार इंग्रजी. म्हणजे सहा जिल्ह्यांतले सातबारे, जबाब, पंचनामे, खरेदीखतं, सगळं इंग्रजीचा अंगरखा घालून भाऊसिंगजी रोडवर हजर व्हायला हवं. बेंचसाठी चाळीसएक वर्षं आंदोलन झालं. त्यात वकील होते, पक्षकार होते, तालमी होत्या. भाषांतर करणारे कुठल्या मोर्चात होते, हे सदरकारांना आठवत नाही.

बेंच आल्यावर घरभाडी वाढली, लॉजचे दर वाढले, टायपिंगवाल्यांना दम खायला फुरसत नाही, असं ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. भाषांतराचा दर काय झाला, हे मात्र कुणी बोलत नाही. बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा होतो, तसा हा दर ठरतो. शेजारी बसून तेच काम करणाऱ्यालाही दुसऱ्याचा आकडा कळत नाही. घासाघीस होते ती पान की शब्द यावर. पान म्हटलं तर तलाठ्यानं समासासकट भरलेलंही एक पान आणि नुसता शिक्का-सही असलेली पाठही एक पान. पक्षकार पाठ मोजत नाही, भाषांतरकार मोजतो, आणि तिथून वादाचा वाद सुरू होतो.

शब्दावर ठरलं तर कुठले शब्द, मूळचे की केलेले? मराठी आपले प्रत्यय शब्दाच्या पोटात घालते. ‘बांधावरून’ हा आपला एक शब्द. इंग्रजीत तिथे तीन-चार शब्द मांडावे लागतात. समजा शब्दाला रुपया ठरला आणि मूळ मराठी शब्द मोजले, तर मराठीतून इंग्रजी करणाऱ्याचे पैसे पहिल्याच पानावर गळायला लागतात. उलट दिशेनं जाणाऱ्याला तोच हिशेब फायद्याचा. जाणता भाषांतरकार म्हणून आधी विचारतो, मोजणार कुठल्या बाजूनं? नवखा विचारतो, कधी द्यायचंय? आणि उत्तर नेहमी एकच असतं: उद्या.

पाव्हणे सरळ घरी आले, म्हणून निदान वीसच्या वीस रुपये तरी समोर दिसले. मधे एजन्सी असली की दराला वाटेतच गळती लागते. विषयानंही फरक पडतो. औषधाच्या चाचणीचं संमतिपत्रक, पेटंटचा मसुदा, बँकेचा करार यांना बरा भाव, कारण चूक झाली तर घेणाऱ्याचं नुकसान. कथा-कादंबरीला सर्वांत कमी, कारण तिथे चूक झाली तर नुकसान फक्त वाचकाचं.

नोकरीतल्या भाषांतरकाराचं बरं असतं. केंद्र सरकारच्या कनिष्ठ अनुवाद अधिकाऱ्याची मूळ वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगानुसार ३५,४०० रुपयांपासून सुरू होते, वर भत्ते, रजा आणि दिवाळीची सुट्टी. पण ती जागा हिंदी-इंग्रजीची. अमेरिकेत भाषांतरकार आणि दुभाष्यांचं मधलं वार्षिक वेतन मे २०२३ मध्ये ५७,०९० डॉलर होतं. हा आकडा सदरकारांनी पाव्हण्यांना मुद्दाम ऐकवला. “मग तिकडंच जायचं की सर,” पाव्हणे म्हणाले.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे कोल्हापुरात न्यायाधीश होते, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत असतं. त्याआधी, १८६६ मध्ये, ते सरकारकडे हंगामी मराठी भाषांतरकार होते, हे क्वचित कुणाला ठाऊक. तिथून अक्कलकोटला कारभारी, आणि १८६७ मध्ये करवीर संस्थानात न्यायाधीश. म्हणजे या गावाला न्यायाधीश म्हणून भाषांतरकारच मिळाला होता. रानड्यांनी भाषांतराचंच टेबल धरून ठेवलं असतं तर त्यांचा पुतळा कुणी उभारला असता, असं सदरकारांना वाटत नाही.

भाषांतराच्या धंद्यात गेल्या काही वर्षांत खरा भाव कुणाचा वधारला असेल, तर मोडी वाचणाऱ्यांचा. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि महाराष्ट्राला अचानक आठवलं की आपले पणजोबा मोडीत लिहीत होते. तहसील कचेऱ्यांतून जन्म-मृत्यूची जुनी रजिस्टरं निघाली आणि ती वाचणारा माणूस जिल्ह्याजिल्ह्यांत शोधावा लागला. काल-परवापर्यंत ज्यांचं मोडीप्रेम घरच्यांना छंद वाटायचा, त्यांच्या दारात गाड्या लागल्या.

कोल्हापूरला ही गोष्ट तशी नवी नाही. करवीर दरबारचे मोडी कागद इथल्या पुरालेखागारात आहेत, त्यामुळे इथे मोडी जाणणारे पहिल्यापासून होते. देवस्थानाच्या इनामाचा वाद, वतनाचा वाद, भाऊबंदकी यांपैकी काहीतरी घेऊन लोक त्यांच्याकडे जायचे. त्यांचं काम बघण्यासारखं असतं. कागद उजेडाकडे तिरका धरायचा. आधी शिक्का, मग तारीख. मुसलमानी सन असेल तर बोटांवर हिशेब. मग डोक्यावरच्या आडव्या रेघेखालून अक्षरांची माळ सोडवत जायचं, कारण लिहिणाऱ्यानं हात न उचलता ओळ संपवलेली असते आणि दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही. एका नावावर अर्धा तास जातो. ते नाव आडनावाशी जुळलं की समोर बसलेल्या माणसाचा चेहरा पडतो किंवा फुलतो. वाचणाऱ्याचा चेहरा मात्र तसाच. त्याला पुढची ओळ दिसत असते.

गंमत अशी की मोडी वाचणारा भाषांतर करतच नाही. तो मराठीचंच देवनागरीत लिप्यंतर करतो. तरी त्याच्याशी कुणी घासाघीस करत नाही, झेरॉक्सचा दर सांगत नाही. इंग्रजी मात्र प्रत्येकाच्या पुतण्याला येतं. पाव्हणेही म्हणालेच, “आमच्या पुतण्याला सांगितलं असतं, पण त्याचा पेपर हाय.” सदरकारांचं मत विचाराल तर भाव कष्टाला मिळत नाही, आणि दर्जाला तर नाहीच नाही. समोरच्याचा दुसरा इलाज संपलेला असेल, तर मिळतो.

यावर पुतण्यापेक्षा मोठा इलाज आता खिशात आला आहे. मोबाईल कागदाचा फोटो काढतो आणि इंग्रजी करून देतो. सर्वोच्च न्यायालयानंही ‘सुवास’ नावाची अनुवाद प्रणाली २०१९ मध्ये आणली. छापील, नीटस कागदाला यंत्र बरं चालतं, हे मान्य करायला हवं. पण या फाईलमधला फेरफार मोबाईलला दाखवल्यावर त्यानं शिक्क्याखालच्या वारसाला साफ वगळलं. पाव्हण्यांची चुलती दाव्यातूनच बाद झाली. पाव्हण्यांना ही मांडणी आवडलेली दिसली. आता काही जण यंत्राचं इंग्रजी घेऊन येतात आणि म्हणतात, नुसतं तपासून द्या, दर निम्मा. तपासायला मूळ कागद वाचावाच लागतो, म्हणजे काम पूर्ण आणि पैसे अर्धे.

पुस्तकांकडे वळलं तर हिशेब आणखी मजेशीर. वि. स. खांडेकर कोल्हापूरचे, ‘ययाती’ कोल्हापूरची, ज्ञानपीठाचा आनंद कोल्हापूरचा. पण तमिळनाडूत खांडेकर घरोघरी वाचले गेले ते का. श्री. श्री. यांच्या अनुवादांमुळे, आणि गुजरातेत गोपाळराव विद्वांस यांच्यामुळे. शिवाजी विद्यापीठात खांडेकरांचं स्मृती संग्रहालय आहे. ते बघून आलेल्या शंभर कोल्हापूरकरांना ही दोन नावं विचारावीत. किती हात वर येतील, याची पैज सदरकार मिसळीवर लावायला तयार आहेत.

सीमेपलीकडचं कन्नड मराठीत आलं, त्यात बेळगावच्या उमा कुलकर्णींचा वाटा फार मोठा. पती विरुपाक्ष कन्नड वाचून दाखवत, उमाताई ऐकून मराठीत लिहीत. भैरप्पांच्या ‘वंशवृक्ष’च्या अनुवादाला साहित्य अकादमीचा १९८९ चा पुरस्कार मिळाला. एका पुस्तकामागे दोन माणसांचे श्रम. असं काम मानधनाकडे बघून कुणी हाती घेत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अनुवादकाला त्याच्या अनुवादावर स्वतःचा हक्क आहे. व्यवहारात एकरकमी पैसे हातावर ठेवून तो हक्क कराराच्या पहिल्या पानावरच लिहून घेतला जातो. आवृत्त्या निघत राहतात, अनुवादकाला त्या दुकानाच्या काचेतून कळतात.

साहित्य अकादमीच्या अनुवाद पुरस्काराची रक्कम आहे पन्नास हजार रुपये. आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्काराचीही पन्नास हजार, फक्त पौंड. आणि २०१६ पासून ती लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. मे २०२५ मध्ये कन्नड लेखिका बानू मुश्ताक यांच्या ‘हार्ट लॅम्प’ला तो मिळाला, तेव्हा अनुवादक दीपा भास्ती यांच्या वाट्याला पंचवीस हजार पौंड आले आणि व्यासपीठावर जागाही बरोबरीची. निपाणीच्या पलीकडची भाषा, लंडनच्या पैशात.

पाव्हण्यांचं काय झालं, असं वाचक विचारतील. फाईल अजून टीपॉयवर आहे, शेंगदाण्यांची वाटी हलवली आहे. सहा जिल्ह्यांतून बेंचला येणाऱ्या पक्षकारांना एक विनंती करायची आहे. वकिलांच्या बिलात भाषांतराची ओळ वेगळी लिहून मागा, दर पानावर लावला की शब्दावर तेही विचारा, आणि त्यातले किती पैसे प्रत्यक्ष भाषांतर करणाऱ्याच्या हातात पडले, हे त्याला स्वतः फोन करून विचारा.