दाद कोण देत नाही?

"औषधाला दाद देत नाही" हे वाक्य मला हल्ली फार खटकतं. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये सुरुवातीच्या केमोने गाठ लहान होते, घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि मग ती पुन्हा वाढायला लागते. की लगेच कुजबुज सुरू. "मनच सोडलं हो त्यांनी. इच्छाशक्ती कमी पडली." माझ्या मावशीबद्दलही हे बोललं गेलं, तेही तिला ऐकू जाईल अशा बेताने!

मंडळी, दाद देत नाही ती पेशी. माणूस नव्हे.

डीएनए म्हणजे पाककृतींची जाड वही समजा. हवी ती कृती चिठ्ठीवर उतरवून स्वयंपाकघरात न्यायची, तिथे प्रथिन तयार होतं. मायक्रोआरएनए म्हणजे जेमतेम २२ अक्षरांचा तुकडा. तो चिठ्ठीला जाऊन चिकटतो आणि पदार्थ होऊच देत नाही. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना हे १९९३ साली एका चिमुकल्या कृमीत सापडलं. त्याचं नोबेल मिळालं २०२४ मध्ये!

आता केमोकडे वळू. सिसप्लॅटिन पेशीचा डीएनए बिघडवतं. इतकं बिघडल्यावर पेशीने स्वतःहून मरावं, ही अपेक्षा. 'पीटेन' नावाचं प्रथिन पेशीच्या 'जगा, वाढा' या संदेशांना ब्रेक लावतं. फुफ्फुसाच्या अनेक गाठींमध्ये मिर-२१ हा मायक्रोआरएनए वाजवीपेक्षा जास्त असतो. तो पीटेनच्या चिठ्ठीला चिकटतो, ब्रेक सैल होतो आणि पेशी मरण चुकवते. प्रयोगशाळेत मिर-२१ दाबला, की अशा निगरगट्ट पेशी सिसप्लॅटिनने पुन्हा मरू लागतात. अर्थात हे एकच कारण नाही. पेशीकडे औषध बाहेर फेकण्याच्या, बिघाड दुरुस्त करण्याच्या इतरही युक्त्या असतात.

मग यावर औषध का नाही? प्रयत्न झालाय. मिर-३४ ची नक्कल करणारं औषध वेगवेगळ्या कॅन्सरच्या रुग्णांना देऊन पाहिलं. प्रतिकारशक्तीच्या गंभीर दुष्परिणामांत चार जण दगावले आणि २०१६ मध्ये चाचणी थांबली. तेव्हा कुणी "मायक्रोआरएनएचा रामबाण उपाय" विकायला आलं, तर दारातूनच परत पाठवा.

माझं म्हणणं एवढंच. २२ अक्षरांच्या तुकड्याशी इच्छाशक्तीने झुंजता येत नाही. आजारी माणसाच्या अंगावर आधीच पुरेसं ओझं असतं, त्यात हरल्याचा ठपका कशाला? "आता पुढचं औषध कोणतं?" हे डॉक्टरांना विचारा. आणि पेशंटला विचारा, "आज काय खावंसं वाटतंय?"

असो.