वसंताची फुलं आणि आपण 'तात्पुरते' लोक

अमेरिकेतल्या मराठी घराचं बॅकयार्ड लांबूनच ओळखू येतं. टोमॅटो, मिरच्या, मेथीचा एक वाफा, कुंपणावर चढवलेला दुधी आणि डेकवर कुंडीत मोगरा. ही कुंडी मे महिन्यात बाहेर येते, ऑक्टोबरात परत आत. घरातल्या आजारी माणसासारखी तिची ने-आण चालते. आणि मग एप्रिलमध्ये हीच मंडळी म्हणतात, "इथे काही फुलत नाही बाई, मेपर्यंत सगळं उघडंबोडकं!"

फुलतं हो. मार्चपासून फुलतं. पण त्यासाठी आधीच्या ऑक्टोबरात हात मातीत घालावे लागतात, आणि तिथेच आपलं घोडं पेंड खातं. (हे सगळं मध्य न्यू जर्सीबद्दल, म्हणजे झोन ७. फ्लोरिडावाल्यांनी करमणूक म्हणून वाचावं :-))

वसंतात दुकानांच्या दारात पॅन्झी, पेटुनियाचे ट्रे मांडलेले असतात. फुललेलं दिसतं म्हणून आपण गाडीभर आणतो. पॅन्झी जुलैच्या उन्हात माना टाकते, पेटुनिया पहिल्या कडक थंडीत जाते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाकीट उघडायचं. माझं स्पष्ट मत आहे की फुललेलं बघून रोप विकत घेऊ नये. बहुवर्षायू झाडं (यांना इथे पेरेनियल म्हणतात) निवडायची तर ती न फुललेली असतानाच. दिसायला कांदा, नाहीतर वाळकं मूळ.

पहिला मान डॅफोडिलचा. त्याचा कंद विषारी असतो, त्यामुळे हरणं आणि खारी त्याच्या वाटेला जात नाहीत. आमच्याकडे हरणं गल्लीतून गाईंसारखी फिरतात, म्हणून हा गुण मी रंगाच्याही आधी धरते. ट्यूलिप मात्र त्यांचं आवडतं खाणं. शिवाय दुकानातले बहुतेक संकरित ट्यूलिप पहिल्या वर्षी दिमाखात येतात, दुसऱ्या वर्षी मरगळतात आणि तिसऱ्या वर्षी नुसती पानं. कागदावर पेरेनियल, वागायला पाहुणा!

कंद त्याच्या उंचीच्या साधारण तिप्पट खोल लावायचा, डॅफोडिल असेल तर सहा इंच. टोक वर. पाणी साचेल अशी जागा नको. पुढचं काम थंडीचं. या कंदांना बारा ते सोळा आठवडे गारठा मिळाला नाही तर दांडा नीट वरच येत नाही. ज्या थंडीला आपण सहा महिने शिव्या घालतो, तीच याला हवी असते. फुलं गेल्यावर पानं लगेच कापायची नाहीत, वेण्या घालून बांधायचीही नाहीत. ती पिवळी पडेपर्यंत, म्हणजे दीड-एक महिना, पुढच्या वर्षीच्या फुलाची बेगमी करत असतात. असोसिएशनच्या लोकांना ती पसारा वाटतात. वाटू देत.

झाडांच्या सावलीत हेलेबोर लावा, तो बर्फ पुरता वितळायच्या आतच फुलतो. त्याच्या शेजारी व्हर्जिनिया ब्लूबेल, हे इथलंच मूळ रानफूल. कळ्या गुलाबी, उमलल्यावर निळी. मेपल-ओकला पानं फुटायच्या आधी जे ऊन जमिनीवर पडतं, तेवढ्यात हे सगळं उरकून घेतं आणि जूनपर्यंत नाहीसं होतं. मेलं समजून उपटू नका, जवळ नेचे लावून जागा झाका. उन्हातल्या उतारावर जमिनीलगत पसरणारा फ्लॉक्स. तोही अमेरिकेच्या पूर्वेकडचाच.

आणि पिओनी. मला आज खरं बोलायचंय ते हिच्याबद्दल. हीसुद्धा शरदात लावायची. मुळांवर लालसर डोळे असतात, ते मातीखाली दोन इंचांहून खोल जाता कामा नयेत, नाहीतर पानं येतात, फुलं नाहीत. (कळ्यांवर मुंग्या दिसल्या तर औषध मारू नका, त्या गोड रसासाठी येतात.) नीट बहरायला तिला तीनेक वर्षं लागतात. पण एकदा रुळली की एकाच जागी पन्नास वर्षंसुद्धा फुलते.

"तीन वर्षं? तेव्हा आपण कुठे असू कोणास ठाऊक!" पिओनीचं नाव काढलं की हे वाक्य ठरलेलं. आळस हे कारण नाहीच, आपण मेथी दर पंधरवड्याला पेरतो. अडतं ते 'आपण इथे किती दिवस' या प्रश्नापाशी. व्हिसाची मुदत, मग ग्रीन कार्डची रांग. एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांच्या आसपास जागा, म्हणून भारतात जन्मलेल्यांना नोकरीच्या रांगेत दहा-दहा वर्षं आणि त्याहून जास्त थांबावं लागतं. ही अनिश्चितता खोटी नाही, ती कोणी हसण्यावारीही नेऊ नये. पण तेवढ्या काळात किंडरगार्टनमधली मुलं हायस्कूल संपवतात, आणि दारापुढचा वाफा तसाच, नुसता मल्चचा. तीन वर्षं नाहीत म्हणता म्हणता बारा गेलेली असतात.

घर सोडावं लागलं तर? जमिनीतली झाडं घराबरोबर नव्या मालकाची होतात, इथला व्यवहार तसाच आहे. मग होऊ देत की! आपल्याकडे आजोबांनी लावलेल्या आंब्याचा हिशोब कोणी ठेवला होता? आणि भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारून डॅफोडिलची एक पिशवी लावायला एक दुपार पुरते. त्याला फळ पुढच्या मार्चमध्येच.

आत्यानं विचारलंय, पुण्यात डॅफोडिल येतील का. आत्या, फ्रिजमध्ये तीन-चार महिने ठेवलेस तर एकदा येतील. सफरचंदांजवळ ठेवू नकोस, पिकत्या फळांच्या वायूने आतली कळी मरते. आणि कांद्यांपासून तर लांबच, चुकून फोडणीत पडायचे! पण दरवर्षी ते जमणार नाही, आणि तू त्या भानगडीत पडूच नयेस. तुझ्याकडे भुईचाफा आहे. थंडीभर जमिनीत गुडूप असतो, वर एक पान नाही, आणि चैत्राच्या सुमाराला उघड्या मातीतून थेट जांभळट-पांढरी फुलं. पानं नंतर, पावसाबरोबर. शेजारच्या काकूंकडे असेल तर एक गड्डा मागून घे आणि अर्धसावलीत लाव.