पट्टीच्या मागची बाजू
विश्रामबागमध्ये काय नि मिरजेत काय, औषधाच्या दुकानात बोललं जातं ते पट्टीवरच्या ठळक नावाबद्दल. वाचायला हवी मागची बारीक छपाई. नामांकित कंपनीच्या पट्टीवरही उत्पादक पुष्कळदा भलताच निघतो, आणि तोच कारखाना जेनेरिकही बनवत असतो. जादा पैसे बहुधा नावाचेच. ‘पण गुण तसाच येईल का?’ ही शंका मात्र उडवून लावण्यासारखी नाही: पाण्यात नीट न विरघळणाऱ्या औषधांना जैवसमतुल्यतेची, म्हणजे औषध मूळ गोळीइतकंच रक्तात उतरतं का याची, चाचणी सक्तीची झाली २०१७ मध्ये, त्याआधीच्या परवान्यांचं काय? म्हणून रक्तातल्या प्रमाणातला थोडा फरकही जिथे बाधतो, ती फिट्सवरची फेनिटॉइन किंवा थायरॉइडची गोळी दरमहा कंपनी बदलून घेऊ नये. पाण्यात सहज विरघळणाऱ्या, मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनसाठी मात्र खुशाल जनऔषधी केंद्राची पायरी चढावी.